सातव्या विधानावरचा शिक्का

माणसाची जिज्ञासा मोजता येते, यावर मधुकर सोहोनीचा विश्वास होता असे म्हणणे त्याच्यावर अन्याय करणारे ठरेल. विश्वास देवळात ठेवायचा. मधुकरची खात्री होती. खात्रीला पुरावा लागतो आणि तो अद्याप गोळा व्हायचा होता, एवढीच काय ती उणीव.

मधुकर मूळचा पदार्थविज्ञानाचा. बी.एस्सी.ला लंबकाचे हेलकावे मोजता मोजता त्याच्या ध्यानात आले, की लंबकाला शंभर वेळा विचारले तरी तो एकच उत्तर देतो. अशा आज्ञाधारक वस्तूचे मोजमाप करण्यात पुरुषार्थ कोणता? म्हणून त्याने एम.ए.ला मानसशास्त्र घेतले, साताऱ्याच्या एका महाविद्यालयात तो व्याख्याता झाला आणि पीएच.डी.साठी त्याने विषय नोंदवला: ‘विद्यापीठीय विद्यार्थ्यांमधील जिज्ञासेचे मापन’. विषय वाचून सहकारी ‘वा!’ म्हणाले. त्यांपैकी कोणीही ‘म्हणजे काय?’ असे विचारले नाही, याची नोंद मधुकरने तेव्हा घ्यायला हवी होती.

साधन त्याने स्वतः घडवले होते. त्याचे नाव जिज्ञासामापिका. पन्नास विधाने, प्रत्येकापुढे तीन चौकोन: ‘हो’, ‘नाही’, ‘सांगता येत नाही’. ‘हो’ला दोन गुण, ‘सांगता येत नाही’ला एक, ‘नाही’ला भोपळा. विधाने अशी: ‘रस्त्यात गर्दी दिसली की ती कशासाठी जमली आहे हे पाहायला मी थांबतो.’ ‘बंद पेटी दिसली की आत काय असेल असा विचार माझ्या मनात येतो.’ शेवटची पाच विधाने मात्र सापळ्याची होती. ‘मी आयुष्यात कधीही खोटे बोललेलो नाही’ याला जो ‘हो’ म्हणेल, तो सिद्ध खोटारडा ठरून त्याची प्रश्नावली बाद होणार होती. ही युक्ती सुचली त्या दिवशी मधुकरने दोन वाट्या श्रीखंड खाल्ले होते.

चौऱ्याहत्तरच्या नोव्हेंबरात विद्यापीठाचे पत्र आले. नोंदणीला सहा वर्षे होत आली. अठ्ठावीस फेब्रुवारीपर्यंत किमान दोनशे वैध प्रश्नावल्यांसह, मार्गदर्शकांच्या सहीचा प्रगती-अहवाल आला नाही तर नोंदणी रद्द होईल. सहा वर्षे मधुकरने आळीत, महाविद्यालयात आणि सासुरवाडीला ‘यंदा संपतंच आहे’ असे सांगितले होते. आता ते संपण्याची शक्यता प्रथमच निर्माण झाली होती, पण भलत्या अर्थाने.

पहिला सल्ला शेजारच्या तात्यांनी दिला. तात्या भूमापन खात्यातून निवृत्त झालेले. सकाळचा पहिला चहा ते स्वतःच्या घरी घेत आणि दुसरा मधुकरच्या.

“मधू, मोजणी म्हटली की आधी हद्दीचे दगड बघायचे,” तात्या प्रश्नावली हातभर लांब धरून म्हणाले. “तुझ्या जिज्ञासेची हद्द कुठं संपते आणि चोंबडेपणाची कुठं सुरू होते?”

“तात्या, चोंबडेपणाला शास्त्रात स्थान नाही.”

“आपल्या आळीत आहे. दोन घरांच्या मालमत्तेची मोजणी करायची आणि मधला बांध दाखवायचा नाही, ही भांडणाची सुरुवात. पुढं तुझी मर्जी.”

मधुकरची पत्नी क्षमा तांदूळ निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, “अहो, पण ज्याला खरंच प्रश्न पडतात, तो तुमची पन्नास विधानं निमूट भरेल का?”

“हा आक्षेप साहित्यिक आहे,” मधुकर म्हणाला. क्षमाने तांदळातला खडा वेचून बाजूला ठेवला. काही न म्हणण्याचे तिचे वेगवेगळे प्रकार होते आणि त्यांचे मापन अजून कोणी केलेले नव्हते.

साताऱ्याच्या प्राचार्यांनी परवानगी तत्काळ दिली, पण तास दिला नाही. अभ्यासक्रम मागे पडला होता. तेव्हा प्रश्नावल्या घरी भरून आणायला द्याव्या लागल्या. दीडशे दिल्या आणि अशाच सांगलीलाही भरून घेणार आहे, असे त्याने वर्गात सांगितले. आठवड्याने एकोणऐंशी परत आल्या आणि गाडे तिथेच अडले. दहाव्या दिवशी शिक्षक-कक्षाच्या दारात इस्त्रीचा कोट, पटका आणि छातीवर पदकांची पट्टी अशा वेशातले एक गृहस्थ येऊन उभे राहिले. त्यांच्या काखेत कागदांचा सुतळीने बांधलेला गठ्ठा होता. कोरेगावच्या बाजूने सकाळच्या एकाच गाडीने कॉलेजात येणाऱ्या पोरांच्या गावांत त्यांचा मोठा दबदबा होता. सेनादलातून निवृत्त झालेले सुभेदार नानासो.

“रामराम साहेब. एकसष्ट फारम हायती. मोजून घ्या.”

मधुकरने गठ्ठा सोडला. एकसष्ट प्रश्नावल्या, एकच जांभळी पेन्सिल, खुणा अशा सरळ रांगेत की जणू संचलनच.

“हे... तुम्ही भरलेत?”

“मंग? छापील कागूद पोरांच्या हातात सोडतंय व्हय कुनी? पेन्शनचा फारम, भरतीचा फारम, सोसायटीचा फारम, समदं माज्याकडंच येतंय. आजवर एक बी माघारी आल्याला न्हाई.”

“पण सुभेदार, यात बरोबर-चूक असं काही नसतं. ज्याच्या मनात जे असेल, ते त्यानं लिहायचं.”

नानासोंनी त्याच्याकडे पाहिले. नव्या भरतीतल्या, उलटा बूट घातलेल्या जवानाकडे पाहावे तसे ते पाहणे होते. त्यात राग नव्हता, काळजी होती.

“साहेब, छापील कागदावर मनातलं लिवलं की फारम रिजेक्ट हुतंय. लय बघितलंय म्या.”

मधुकरने गर्दीचे विधान शोधले. एकसष्ट वेळा ‘नाही’.

“गर्दी दिसली तर एकही मुलगा थांबत नाही?”

“गर्दीत थांबनं म्हंजे लफडं. आमची पोरं शिस्तीची हायती.”

“आणि आयुष्यात कधीही खोटं बोललेलो नाही? एकसष्टच्या एकसष्ट?”

“मंग?” नानासोंचा आवाज चढला. “पाच गावांच्या इज्जतीचा सवाल हाय. त्या सांगलीवाल्यांच्या खाली नंबर जायाचा न्हाई आमचा.”

अशा रीतीने एकसष्ट विद्यार्थी एका फटक्यात खोटारडे ठरून बाद झाले. जाताना नानासो दारातून मागे वळले. “पर साहेब, ह्ये समदं मोजून सरकार करनार काय?”

मधुकरने ‘संशोधन, संशोधन’ असे म्हणून त्यांना चहा पाजला. प्रश्न विषयाबाहेरचा होता.

हातात राहिल्या एकोणऐंशी. आता सगळी मदार सांगलीवर. मार्गदर्शक डॉ. नाडगौडा सांगलीतच, विश्रामबागेत राहत असल्याने तिथल्या एका महाविद्यालयात व्यवस्था होणे सोपे जाईल असा मधुकरचा कयास होता. अर्ज योग्य मार्गाने गेला, म्हणजे अयोग्य वेळाने पोहोचला. सांगलीच्या प्राचार्यांनी उलट विचारणा केली: ‘आमच्या विद्यार्थ्यांची जिज्ञासा साताऱ्यापेक्षा कमी भरल्यास ते प्रसिद्ध करणार काय?’ मधुकरने कळवले, की महाविद्यालयांची नावे गुप्त राहतील. त्यावर तिसरे पत्र आले: ‘आणि जास्त भरल्यास?’ जास्त भरल्यास नाव छापण्याचे आश्वासन देणे मधुकरच्या शास्त्रीय सचोटीत बसत नव्हते. त्याने ‘यथोचित उल्लेख केला जाईल’ असे लिहिले. सचोटीला इतपत बाक येऊ शकतो, हे त्याला नवीनच कळले.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात तो दीडशे कोऱ्या प्रश्नावल्या घेऊन सांगलीला उतरला, तेव्हा कार्यालयात अधीक्षक आप्पासो बसले होते. सडपातळ, उंच, आणि बाहीवर शाई लागू नये म्हणून मनगटाला हातरुमाल बांधलेले.

“हे कागद वर्गात नेता येणार नाहीत, सर.”

“प्राचार्यांची परवानगी आहे.”

“परवानगी तुम्हाला आहे. कागदांना कुठंय? आवक नोंद झाल्याशिवाय आमच्या आवारात कागद हा कागद नसतो.”

“मग काय असतो?”

“रद्दी,” आप्पासो शांतपणे म्हणाले. “दोन दिवसांनी या. आणि एक सांगतो, आवकचा शिक्का मी शिपायाच्या हातात देत नाही. स्वतः मारतो. वीस वर्षांत एक शिक्का फिकट उठलेला नाही.”

हे शब्दशः खरे होते. दोन दिवसांनी मधुकरने गठ्ठा ताब्यात घेतला तेव्हा प्रत्येक प्रश्नावलीवर तीन ओळींचा, रुंद, गर्द जांभळा शिक्का उठला होता. नियमाप्रमाणे तो कोऱ्या जागी मारायचा. पण कागद वाचवण्याच्या हेतूने मधुकरने कोरी जागाच ठेवली नव्हती. मधुकरने कोपऱ्याकोपऱ्याने कागद मोजले, दीडशे भरले. मजकूर त्याने पाहिला नाही. स्वतः लिहिलेला मजकूर माणूस वाचत नाही, त्याला तो फक्त आठवतो.

सभागृहात दीडशे विद्यार्थी बसले. मधुकरने खणखणीत आवाजात सूचना वाचल्या. त्यांपैकी तिसरी अशी होती: ‘प्रश्नावली भरताना कोणताही प्रश्न विचारू नये.’ मापनशास्त्रात अशी सूचना सर्वत्र देतात. तिच्यामुळे परिस्थिती सर्वांना समान राहते.

काम सुरू झाले. अशी शांतता, असे वाकलेले दीडशे माथे त्याने साताऱ्यात कधी पाहिले नव्हते. अभिमानाने त्याची छाती खरोखरच एक-दोन सेंटिमीटर फुगली असावी. तेवढ्यात तिसऱ्या बाकावरची, दोन वेण्यांची एक मुलगी उभी राहिली.

“सर, ह्ये सात नंबरचं...”

“सूचना क्रमांक तीन,” मधुकर म्हणाला.

“व्हय, पर सर...”

“बसा.”

मुलगी बसली. मधुकरने वहीत लिहिले: ‘एक व्यत्यय. त्वरित आटोक्यात.’

रविवारी साताऱ्याला, अंगणात चटई टाकून गुण देण्याचे काम चालले होते. मधुकर बेरजा करत होता आणि तात्या दुसरा चहा घेत प्रश्नावल्यांच्या चळती नीट लावत होते. अचानक त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा चढवला.

“मधू, तुझ्या सात नंबरच्या गटावर अतिक्रमण झालंय.”

“काय झालंय?”

“हे बघ. शिक्का बरोबर सात नंबरवर बसलाय. अक्षर दिसत नाही. दुसरा बघ. तिसरा बघ. वा! हात काय सरळ आहे पठ्ठ्याचा. आमच्या खात्यात पाहिजे होता.”

मधुकरने कागद ओढून घेतले. सातव्या विधानाच्या जागी दीडशेही कागदांवर जांभळा पट्टा होता. पुढचे तीन चौकोन मात्र मोकळे होते.

“आणि गंमत अशी,” तात्या म्हणाले, “की सगळ्यांनी जबाब दिलाय. जमीन न बघता पंचनाम्यावर सही.”

मधुकरने मोजले. मग उलट बाजूने मोजले. एकशे एकतीस जणांनी ‘हो’ म्हटले होते. बारा जणांनी ठामपणे ‘नाही’. सहा जणांनी ‘सांगता येत नाही’. ते प्रामाणिकपणे की सवयीने, हे सांगता येत नव्हते. एका कागदावर तिन्ही चौकोन कोरे होते आणि बाजूला पेन्सिलीने बारीकसे प्रश्नचिन्ह काढलेले होते.

“पण खाली होतं तरी काय?” क्षमा आतून विचारत आली.

मधुकरने घसा साफ केला. सातवे विधान त्याला पाठ होते.

“‘न समजलेली गोष्ट विचारल्याशिवाय मला चैन पडत नाही.’”

क्षमा बसली. पदर तोंडाला लावून ती बराच वेळ हसली. तात्या हसले नाहीत. त्यांनी एकशे एकतीस या आकड्याला बसल्या जागी हात जोडले.

मधुकरने कोऱ्या चौकोनांचा कागद पुन्हा उचलला. नाव: अंजना आकाराम पाटील. प्रथम वर्ष कला. गुण: नव्वदपैकी सदतीस. जिज्ञासामापिकेच्या कोष्टकात या गुणांपुढे लिहिले होते: ‘जिज्ञासा अत्यल्प’. मग त्याने वही उघडली आणि ‘एक व्यत्यय. त्वरित आटोक्यात’ ही स्वतःच्या हस्ताक्षरातली नोंद वाचली. तो कोणाशी न बोलता अजिंक्यताऱ्याच्या पायथ्यापर्यंत चालत गेला आणि तसाच परत आला. त्या दिवशी त्याने उन्हात नेहमीची छत्री नेली नव्हती, हे आळीत सर्वांच्या लक्षात आले.

सत्तावीस फेब्रुवारीला सकाळी साडेनऊ वाजता तो नाडगौडांच्या बैठकीत बसला होता. मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. नाडगौडा सरांनी सगळे ऐकून घेतले. ते डोळे मिटून ऐकत; झोपले आहेत की विचार करत आहेत, याबद्दल त्यांच्या विद्यार्थ्यांत दोन पंथ होते.

“सोपं आहे,” ते डोळे उघडून म्हणाले. “सातवं विधान गाळा. एकोणपन्नास उरतात. साताऱ्याच्या एकोणऐंशी, इथल्या दीडशे. अहवाल आणलाय ना? आणा, सही करतो.”

सही टेबलावर दोन वितींवर होती. मधुकरच्या डोळ्यांपुढून सहा वर्षे गेली, सासुरवाडी गेली, आळी गेली. आणि मग, का कोण जाणे, बी.एस्सी.चा तो लंबक आला.

“सर, सातवं गाळता येणार नाही.”

“का?”

“सातवं विधान दिसत नव्हतं, म्हणून ते न वाचता उत्तर दिल्याचं आपल्याला कळलं. बाकीची एकोणपन्नास दिसत होती. पण ती वाचली होती, याला पुरावा काय?”

“सोहोनी, अशाने जगात एकही प्रश्नावली उरणार नाही.”

“तेही तपासायला हवं, सर.”

“मग तुमच्याकडे राहिल्या एकोणऐंशी. त्याही घरी भरलेल्या. कुणाच्या काकानं भरल्या, देव जाणे. एवढ्यावर मला सही करता येणार नाही. उद्या नोंदणी जाईल. समजतंय का?”

“समजतंय,” मधुकर म्हणाला. टेबलाखाली त्याचे हात खुर्चीची कड धरून होते, परंतु मान ताठ होती. आणि ज्या अवयवाकडे मार्गदर्शकांचे लक्ष असते तो ताठ असला म्हणजे पुरे. “फक्त हा एक कागद बघावा.”

त्याने अंजनाची प्रश्नावली पुढे सरकवली. नाडगौडांनी सदतीस हा आकडा पाहिला. कोरे चौकोन पाहिले, प्रश्नचिन्ह पाहिले. शिक्क्यावर त्यांची नजर थांबली. ही विधाने दोन वर्षांपूर्वी त्यांनीच मंजूर केली होती, त्यामुळे त्याखाली काय आहे असे विचारणे त्यांच्या पदाला शोभणारे नव्हते. ते उठले. जणू पाय मोकळे करावेत तसे खिडकीपाशी गेले आणि मधुकरकडे पाठ करून त्यांनी कागद सकाळच्या उन्हात धरला. मग तो उलटा केला. मग चष्मा कपाळावर चढवून नाकापाशी आणला. मधुकर समोर बसला होता. विचारले असते तर त्याने एका क्षणात सांगितले असते. नाडगौडांना साडेचार मिनिटे लागली.

“अरेच्चा,” खिडकीकडून आवाज आला. मग खांदे हलले. मधुकरने सहा वर्षांत त्या खांद्यांना कधी हलताना पाहिले नव्हते.

ते परत येऊन बसले. “या मुलीनं विचारलं, तेव्हा तुम्ही काय सांगितलंत?”

मधुकरच्या कानांच्या पाळ्या तापल्या. “प्रश्न विचारायचे नाहीत, असं सांगितलं.”

“ते लिहा.”

“कुठे, सर?”

“पहिल्या प्रकरणात. पहिल्या ओळीत. विषयात बदल म्हणून मी शिफारस करतो: ‘प्रश्नावलीद्वारे जिज्ञासा मोजण्याच्या मर्यादा’. या विषयाला तुमच्या दोनशे नव्वद कागदांपैकी एकही बाद नाही. तो सुभेदार तर सोन्यासारखा आहे, त्याला वेगळं प्रकरण द्या.” त्यांनी सही केली. शाई वाळेपर्यंत कागद हातात धरून ते पुटपुटले, “चाळीस वर्षं मी पोरांना गप्प बसवलंय, सोहोनी. कितीजणांचं सात नंबर राहून गेलं असेल...”

बाहेर पडल्यावर अहवाल विद्यापीठात पोहोचवायला मधुकरने कोल्हापूरची गाडी पकडायला हवी होती. तो महाविद्यालयाकडे वळला. पहिला तास सुटून दुसऱ्या तासाचे अध्यापक यायचे होते. वर्गाच्या दारात उभे राहून त्याने अंजना पाटीलला उभे राहायला सांगितले.

“त्या दिवशी तुमचा प्रश्न मी ऐकून घेतला नाही,” मधुकर म्हणाला. व्याख्यात्याने असे वाक्य वर्गात उच्चारल्याची नोंद त्याच्या वाचनात नव्हती, म्हणून ते त्याने सावकाश उच्चारले. “चूक माझी होती. शिक्क्याखाली काय लिहिलं होतं, ते सांगायला आलोय.”

“आवं सर, ते दिसलं हुतं की,” अंजना म्हणाली. “उजेडाला धरलं की वाचाय येतंय.”

“मग उत्तर का लिहिलं नाही?”

“मला दुसरंच इचारायचं हुतं. तुमी बोलूच दिलं न्हाई.”

“आता विचारा.”

“बाकीचं समदं मोकळं सोडून, सात नंबरवरच शिक्का का मारलाय? ते रद्द केलंय का चालू हाय? आन् कोऱ्या कागदाला आवकचा शिक्का कशापायी? त्यात आजून काय आलंच न्हवतं की.”

मागच्या बाकावरचा कृष्णात नावाचा एक दांडगा मुलगा खिदळला, “ए अंजे, गप बस की!” पण तो एकटाच खिदळला. बाकीचे मधुकरकडे पाहत होते.

मधुकरने विचार केला. आवकचे तत्त्व, कोरी जागा, आप्पासोंचा हातरुमाल, वीस वर्षांतला एकही फिकट नसलेला शिक्का. कारणे सगळी होती. उत्तर कशातच नव्हते.

“मला ठाऊक नाही,” तो म्हणाला. सहा वर्षांच्या संशोधनात इतके निर्दोष वाक्य त्याच्या तोंडून प्रथमच निघाले होते आणि त्याचा त्याला, लपवण्याचे कारण नाही, फार अभिमान वाटला. “चला, कार्यालयात जाऊन विचारू.”

“आत्ता?”

“आत्ताच. तुम्ही विचारा. मी शेजारी उभा राहतो.”

अंजनाने वही बाकावर ठेवली आणि ती निघाली. दोघे व्हरांड्यात चार पावले गेले असतील, तोच मागे बाके सरकल्याचा आवाज झाला. चपलांचा, कुजबुजीचा, ‘सरक की गड्या’चा. मधुकर थांबला. मापनाची जन्मजात सवय. त्याने वळून डोकी मोजली. कृष्णातसह सत्तावीस. कोणी सांगितले नव्हते, कोणत्या चौकोनात खूण करायची नव्हती आणि गुण तर मुळीच मिळणार नव्हते. हा आकडा त्याने कागदावर उतरवला नाही. ताठ मानेने तो आप्पासोंच्या दारापर्यंत गेला आणि अंजनाला पुढे करून स्वतः एक पाऊल मागे उभा राहिला.